घराचं चित्र घराबाहेर छापलं जातं

पुण्याच्या चित्रवर्तुळात सध्या एक वाद रंगलाय, आणि तो दोन्ही बाजूंनी वाईट पद्धतीने घातला जातोय. निमित्त झालं स्त्री छापचित्रकारांच्या एका प्रदर्शनाचं. भिंतीवर खोल्या होत्या, दारं होती, दोरीवर वाळणारे कपडे होते. एका एचिंगमध्ये, म्हणजे अॅसिडने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या छाप्यात, नुसता गॅसचा सिलिंडर आणि त्याला टेकवून ठेवलेला पाट. उद्घाटन आटोपतंय तोच एका बाजूने सूर लागला की शंभर वर्षं झाली, बायका अजून स्वयंपाकघरातच घुटमळतायत. दुसऱ्या बाजूने तितक्याच हिरिरीने उत्तर आलं की घर हेच तर तिचं विश्व, तिथली ऊब तिलाच कळणार, आणि पत्र्यावर शाई चोळणं-पुसणं म्हणजे तरी काय, रांधा-वाढा-उष्टी काढा याचंच कलारूप. एका बाजूला घर म्हणजे तुरुंग, दुसऱ्या बाजूला देव्हारा. चित्रांसमोर मात्र दोघांपैकी कुणी फार वेळ उभं राहिलेलं दिसत नाही.

माझं मत आधीच मांडलेलं बरं. छापचित्रात घर येतं तेव्हा ते बाईच्या तोकड्या जगाचा पुरावा नसतं आणि तिच्या मायेचा दाखलाही नसतं. आधुनिक काळातल्या ज्या बायकांनी हे माध्यम गंभीरपणे हाताळलं, त्यांनी घराकडे श्रमाची आणि सत्तेची जागा म्हणून पाहिलं. कोण बसलंय, कोण वाकलंय, पैसा कुणाच्या हातात आहे, दार कुणासाठी उघडतं, हे त्यांचे प्रश्न. आणि ते त्यांना इतके लख्ख दिसले याचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. हे चित्र काढायला त्यांना बहुतेक वेळा घर सोडून छापशाळेत जावं लागलं.

ज्यांना शाई पुसणं आणि भांडी घासणं एकच वाटतं त्यांनी एखादी दुपार छापशाळेत काढावी. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाच्या लेपाचा पातळ थर द्यायचा, सुईने तो खरवडून रेघ काढायची, मग पत्रा अॅसिडच्या ट्रेमध्ये सोडायचा. जिथे धातू उघडा पडलाय तिथे अॅसिड खातं. रेघ किती खोल हवी ते घड्याळाकडे बघून ठरवायचं, रेघेवर जमणारे बुडबुडे पिसाने अलगद बाजूला सारायचे. लेप उतरवला की घट्ट शाई रेघांत दाबायची, वरची शाई खरखरीत जाळीच्या कापडाने काढायची आणि शेवटचा हात तळहाताच्या कडेने फिरवायचा. त्यावर भिजवून टिपलेला कागद, कागदावर लोकरी ब्लँकेट, आणि सगळं लोखंडी रुळांमधून पार. चित्र उलटं उमटतं, डावं ते उजवं. पहिला प्रूफ मनासारखा निघाला तर त्या दिवशी पेढे वाटावेत. यात स्वयंपाकघरासारखं काही असेल तर एवढंच की उभं राहून पाय दुखतात. अॅसिडची वाफ बाहेर टाकायला पंखा लागतो, माणसाहून जड यंत्र लागतं, मोठं मोरीघर लागतं. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नायट्रिक अॅसिडची बाटली आणून ठेवा. खालचे काका संध्याकाळच्या आत सोसायटीची मीटिंग बोलावतील.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात सुखवस्तू घरच्या मुलींना जलरंग आणि भरतकाम शिकवत, कारण ते बैठकीच्या खोलीत बसून, हात न मळवता होई. एचिंगला हा सोवळेपणा परवडत नाही. स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रज चित्रकाराने १९२७ मध्ये पॅरिसमध्ये काढलेली कार्यशाळा, जी पुढे 'आतल्ये १७' म्हणून गाजली, ती १९४० मध्ये युद्धामुळे न्यूयॉर्कला गेली, आणि तिथे डझनावारी स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने प्रेसचं चाक फिरवत होत्या. त्यांतल्या कित्येकींना घरी संसार होता. छापशाळेत त्या घराविषयी चित्रं काढत, पण घरापासून काही अंतरावर उभ्या राहून. 'बाहेर पडा' असा उपदेश ज्यांना केला जातोय त्या आधीच बाहेर उभ्या आहेत, हे टीकाकारांच्या लक्षातच आलेलं नाही.

पण त्यांचं एक म्हणणं खरं आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. बायकांनी घर काढावं अशी अपेक्षा बाजारच करतो. आठ मार्च जवळ आला की 'ती आणि तिचं अवकाश' छापाची निमंत्रणं निघतात. एखाद्या तरुण मुलीने मुठेच्या पात्रातले मेट्रोचे खांब लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरले तर त्या प्रदर्शनात ते 'विषयात बसत नाहीत'. उंबऱ्यावरची चप्पल कोरली की लगेच बसतात. ही कोंडी खरीच आहे आणि तिच्याबद्दल चित्रकर्तींनीच तक्रार केली पाहिजे. प्रश्न एवढाच की त्यावरचा उतारा म्हणजे घर हा विषयच टाकून देणं का? तसं असेल तर तो नियम पुरुषांना कधी लावला होता?

फ्रेंच चित्रकार एदुआर व्ह्युयार घ्या. त्याची आई घरातच शिवणकामाचा व्यवसाय चालवायची, आणि तो तिच्या मरणापर्यंत, म्हणजे १९२८ पर्यंत, तिच्याबरोबर राहिला. १८९९ मध्ये निघालेल्या त्याच्या रंगीत लिथोग्राफच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांच्या, संचात खोल्या आहेत, दिवे आहेत, भिंतीवरच्या नक्षीदार कागदात जवळजवळ विरघळून गेलेली माणसं आहेत. त्याला कुणी 'चूल आणि मूल' चित्रकार म्हटलं नाही, आधुनिकांत गणलं. फेलिक्स व्हालोताँने १८९७-९८ मध्ये घरातल्या जोडप्यांवर दहा काष्ठछापे केले. त्यांतला 'पैसा' नावाचा छापा तर कुणीही पाहावा असा आहे. उजवीकडचा निम्म्याहून मोठा भाग नुसता ठार काळा. त्या काळ्यातूनच काळ्या कोटातला पुरुष पुढे झुकलाय, हात पुढे करून काहीतरी पटवतोय. बाई पांढऱ्या कपड्यांत खिडकीशी उभी, नजर बाहेर. कोण कुणाला कशाचे पैसे देतंय हे चित्र सांगत नाही, पण खोलीतली किती जागा कुणाच्या मालकीची आहे ते एका नजरेत कळतं. या संचाच्या तीसच प्रती काढल्या, मग ठोकळे कापून टाकले, आणि कापल्याचा पुरावा म्हणून त्यांचे तुकडे एका कागदावर छापले. घर हा विषय लहान असता तर त्याने एवढा खटाटोप केला असता? विषय तोच. पुरुषाने हाताळला की ती 'मानसिकता', बाईने हाताळला की 'घरगुती'.

घर लहान, बाहेरचं जग मोठं, या समजाची तपासणी करायला पुण्याइतकं सोयीचं गाव नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे, टिळक, असे लोक त्यात सापडले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. सारा वाद कशाचा, तर कपभर चहाचा. कुणाच्या हातचं प्यायचं, कुणाच्या पंक्तीला बसायचं, कुणाच्या घरी कार्य असलं तर भटजी येणार की नाही. महाराष्ट्रातल्या सुधारणावादाची सगळ्यात अवघड लढाई त्या वर्षी कौन्सिलच्या सभागृहात झाली नाही, माजघराच्या दारात झाली, आणि रमाबाई रानड्यांसारख्या बायकांनी तिचे चटके आतल्या बाजूने सोसले. घर खाजगी असतं, राजकारणाच्या बाहेर असतं, असं पुणेकराने तरी म्हणू नये.

गंमत म्हणजे त्याच १८९० मध्ये पॅरिसच्या कलाशाळेत जपानी काष्ठछाप्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि ते पाहून झपाटलेल्या मेरी कसाट या अमेरिकन चित्रकर्तीने दहा रंगीत छापचित्रांचा संच करायला घेतला. उतामारोसारख्या जपानी चित्रकारांनी वेणी घालणाऱ्या, मुलांना न्हाऊ घालणाऱ्या बायका शंभर वर्षांपूर्वी कोरल्या होत्या, त्या पुरुषाच्या नजरेतून. कसाटने ती सपाट रंगाची, धारदार रेघेची रीत उचलली आणि खोलीत स्वतः जाऊन बसली. तिने स्वतःची प्रेसही घेतली होती, हे इथे सांगायला हवं. घर सोडावं लागतं या माझ्या म्हणण्याला ती थोडी अपवाद. पण लरुआ नावाचा व्यावसायिक छपाईकार तिला लागलाच. पत्र्यावर वेगवेगळे रंग हाताने भरायचे आणि तेच प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा करायचं, अशा प्रत्येक चित्राच्या पंचवीस प्रती त्या दोघांनी काढल्या. १८९१ मध्ये हा संच लोकांसमोर आला. त्यात एक बाई लिहिण्याच्या मेजाशी बसून पाकीट ओठांना लावतेय. पत्र कुणाला, आपल्याला कळत नाही, आणि कळावं अशी तिची इच्छाही दिसत नाही. दुसऱ्या चित्रात चहाला आलेल्या पाहुणीपुढे बशी केली जातेय. आमच्याकडे ज्या कपावरून गाव पेटला, तो कप.

आता विरोधकांचं दुसरं म्हणणं, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. कसाटच्या खोल्या श्रीमंताघरच्या आहेत. त्या खोल्या झाडतं कोण? घराविषयी बोलण्याची फुरसत ज्यांना आहे त्यांचंच घर 'स्त्रीचं घर' म्हणून खपवलं जातं. हे मान्य. कसाटला याची थोडी जाण होती असं तिच्या 'कपड्यांचं माप' या चित्रावरून वाटतं. एक बाई आरशासमोर उभी आणि दुसरी, शिवणारी, तिच्या पायाशी गुडघे टेकून. दोघी एकाच खोलीत, दोघी बायकाच, आणि तरीही ती खोली दोघींना सारखी नाही. पण एका चित्राने ही उणीव भरून निघत नाही. पुण्यातल्या चर्चेत तर 'घर' म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो वाडा : ओसरी, माजघर, परसातली विहीर. आठवणींनी गोड झालेलं ते घर एका जातीचं, एका पेठेचं आहे. याच पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे किती हाल होत असतील, असं तिने त्यात विचारलंय. बाळंतिणीची खोली ही ज्या शहरातल्या वाड्याची शान, त्याच शहरात खोलीच नसणाऱ्या बाळंतिणीविषयी एक शाळकरी मुलगी लिहिते. यापुढे घर हा विषय संपतो की सुरू होतो?

मला वाटतं, सुरू होतो. आणि छापचित्राच्या इतिहासात तो तसा सुरू झालाही. केटे कोल्विट्झ या जर्मन चित्रकर्तीचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता. दवाखान्यात येणाऱ्या बायका तिच्या चित्रांत आल्या. १८४४ च्या विणकरांच्या उठावावर तिने १८९० च्या दशकात सहा छापचित्रं केली, तर त्या मालिकेची सुरुवात सैन्याने किंवा मोर्चाने होत नाही. ती होते एका अंधाऱ्या खोलीत. आई डोकं धरून मरणाऱ्या पोराच्या बिछान्यावर झुकलीय, आणि मागे माग उभा आहे. माग घरातच आहे, कारण कारखाना घरातच आहे. उठाव का झाला याचं सगळं स्पष्टीकरण त्या एका खोलीच्या मांडणीत येतं. पुढे १९०६ मध्ये बर्लिनला घरबसल्या मजुरी करणाऱ्यांच्या मालाचं प्रदर्शन भरलं. त्याच्या भित्तिपत्रकासाठी कोल्विट्झने थकून गेलेल्या एका बाईचा नुसता चेहरा काढला. तो भिंतीवर असेपर्यंत आपण प्रदर्शनाला येणार नाही, असं जर्मन सम्राज्ञीने कळवलं. सिंहाची, तोफेची चित्रं राजघराण्याला चालतात. घरात काम करून डोळ्याखाली काळं आलेली बाई चालली नाही.

तो चेहरा आपल्याकडे शोधायला लांब जायला नको. कुठल्याही पेठेत, कुठल्याही वस्तीत 'फॉल-पिको करून मिळेल'ची पाटी दारावर असते. आत एकाच खोलीत शिलाई मशीन, पलीकडे कुकर, मध्ये अभ्यास करणारं पोर. विड्या वळणं, पापड लाटणं, डबे करणं. घरून काम करणाऱ्यांना कामगार मानणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ मध्ये झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. त्या खोलीचं एचिंग कुणी केलं तर ते 'अजून स्वयंपाकघरातच' आहे, की कामगार चळवळीच्या ऐन मध्यात आहे? पहिल्या बाजूच्या मंडळींनी याचं उत्तर द्यावं. त्यांच्यातले बरेच जण स्वतःला डावे म्हणवतात.

दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे ऊब-वाल्यांकडे, वळतो. त्यांना घरातलं छापचित्र म्हणजे परंपरेचा गोडवा वाटतो. पुण्याला तशी परंपरा आहेच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये सुरू झालेल्या चित्रशाळेने लिथोची रंगीत चित्रं घरोघर पोचवली. रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतीवर गेल्या. पण बाईने स्वतः निवडून, स्वतः विकत आणून, स्वतः भिंतीला लावलेलं छापचित्र विचाराल तर ते जिवतीचा कागद. दिव्यांच्या अवसेला तो तुळशीबागेतून, मंडईतून येतो आणि श्रावणभर पुजला जातो. आता तो नीट बघा. पोट फाडणारा नरसिंह, नागाच्या फण्यावर उभा कृष्ण, अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या जरा आणि जिवंतिका, एक हत्तीवर आणि एक वाघावर असे बुध-बृहस्पती. यात ऊब कुठे आहे? नरसिंहाने मारलं ते उंबऱ्यावर. जरा ही मुळात राक्षसीण. ज्या काळात घरोघरी पोरं दगावत होती त्या काळातल्या बायकांच्या धास्तीचा हा कागद आहे. कोल्विट्झने १९०३ मध्ये मेलेल्या मुलाला छातीशी कवटाळणारी आई कोरली, आरशासमोर स्वतःच्या सात वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन. तिचं एचिंग आणि आमचा दोन-पाच रुपयांचा कागद यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असेल, पण भीतीचं मूळ एकच आहे, आणि त्या भीतीला 'मातृत्वाचा सोहळा' म्हणणं ही दोघींचीही थट्टा आहे.

हेटरच्या न्यूयॉर्कमधल्या त्या कार्यशाळेत काम करणाऱ्या लुईझ बूर्ज्वा या चित्रकर्तीने १९४७ मध्ये नऊ कोरीव छापचित्रांचा एक लहानसा संच केला, प्रत्येकासोबत तिनेच लिहिलेली चार-दोन ओळींची गोष्ट. त्यातली एक गोष्ट अशी की एका माणसाला बायकोचा राग आला, त्याने तिचे तुकडे करून रस्सा केला, मित्रांना जेवायला बोलावलं, आणि सगळ्यांचा वेळ मजेत गेला. चित्रात रक्त नाही, बाई नाही, पातेलंही नाही. संचभर नुसत्या इमारती, शिड्या, उंच कोरडे सांगाडे. स्वयंपाकघराची ऊब शोधणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

आणि छापचित्रकार झरिना हाश्मी. १९३७ मध्ये अलीगढला जन्म, शिक्षण गणिताचं, साठच्या दशकात पॅरिसला हेटरच्या कार्यशाळेत धडे. फाळणीनंतर घरचे पुढे पाकिस्तानात गेले, ही आयुष्यभर शहरं बदलत राहिली. १९९९ मध्ये तिने छत्तीस काष्ठछाप्यांचा संच केला. घर, उंबरा, अंगण, दार अशा एकेका शब्दाला एकेक छापा, खाली उर्दू अक्षरं. घर आहे, पण त्यात कुणीही राहत नाही. नुसत्या रेघा, एखाद्या नकाशासारख्या, काळ्यावर पांढऱ्या किंवा पांढऱ्यावर काळ्या. बाई दिसत नाही, चूल दिसत नाही, तरीही एवढं घरगुती छापचित्र भारतीय कलेत दुसरं मला आठवत नाही. देशाची फाळणी तिने सैनिकांनी किंवा रेल्वेगाड्यांनी दाखवली नाही. लहानपणीच्या घराच्या आराखड्याने दाखवली. ही बाई घराबाहेर पडली होती की नव्हती? दोन्ही बाजूंनी जी मोजपट्टी आणलीय तिच्यात ती मावतच नाही.

म्हणून विषयावरचं भांडण थांबवून जरा यंत्राकडे बघूया. घराचं चित्र घराबाहेर छापलं जातं, तर ते बाहेर कुठे आहे? पुणे महापालिकेची कलादालनं आहेत, बालगंधर्वला आहे, घोले रस्त्यावर रविवर्म्याच्या नावाचं आहे. म्हणजे तयार चित्र टांगायला भिंत मिळते. चित्र तयार करायला कलामहाविद्यालयातली मुलगी पदवीपर्यंत कॉलेजची प्रेस वापरते, मग लग्न, नोकरी, भाड्याची खोली, आणि एचिंग सुटतं ते सुटतं. कागदावर पेन चालू राहतं, कारण त्याला अॅसिड लागत नाही. दिल्लीत ललित कला अकादमीने १९७६ मध्ये गढीला स्टुडिओ सुरू केले, तिथे छपाईची सामायिक सोय झाली. आपल्याकडे पालिकेने एखाद्या दालनाच्या मागच्या बाजूला दोन प्रेस, अॅसिडची वेगळी खोली आणि एक जाणता छपाईकार एवढी व्यवस्था केली तर तिचा खर्च एखाद्या चौकातल्या शिल्पाहून जास्त येऊ नये. फक्त ती सकाळी दहा ते पाच उघडी ठेवू नये. छापचित्रकार ललिता लाजमी मुंबईत शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि एचिंग शिकल्या ते सर जे. जे.च्या संध्याकाळच्या वर्गात. संध्याकाळी सहा ते दहा, रविवारी दिवसभर, आणि शेजारच्या खोलीत पोरं सांभाळायला एक बाई, तीही पगारी. या मागणीच्या अर्जावर दोन्ही बाजूंच्या सह्या मिळाल्या तर घ्यायला मी तयार आहे.